वेचणीच्या दिवसांतला सामना

नांदगाव पेठच्या रस्त्याला कापसाच्या गाड्या लागल्या की माझा सकाळचा बसचा प्रवास लांबतो आणि मला त्याचा राग येत नाही. एरवी मला सिग्नलचाही राग येतो. कार्तिकात मात्र मी खिडकीशी बसून गाड्यांवरच्या ताडपत्र्या बघते, बाभळीच्या काट्यांना अडकलेले पांढरे पुंजके बघते आणि तो वास येऊ देते. कोरडा, धुळकट, उन्हात वाळलेल्या गोधडीसारखा. मी इथल्या एका सूतगिरणीत सुताची ताकद तपासते, म्हणजे दिवसभर कापसातच असते. पण गिरणीतल्या कापसाला तो वास नसतो. तो शेतातून नुकत्या निघालेल्या कापसालाच येतो. तो आला की मला तेल्हाऱ्याकडचं एक शेत आठवतं, चार मोबाईल आठवतात आणि आम्ही हरलेला एक सामना आठवतो. हरलेल्या सामन्याचं एवढं काय कौतुक, असं माझा नवरा विचारतो. त्याला सांगायला बसलं की स्वयंपाक राहून जातो.

तेव्हा मी अमरावतीला कॉलेजात होते. मोबाईलचा डेटा नुकताच स्वस्त झाला होता आणि बाकी काहीच स्वस्त नव्हतं. बोंडअळीनं शेतकऱ्यांना सळो की पळो करून सोडलं होतं. गावागावांतली तरणी पोरं सुरतेला, पुण्याला निघून चालली होती, आणि जी मागे उरली ती संध्याकाळी पारावर बसून मोबाईलवर खेळायची. म्हातारे त्याला नाद म्हणायचे. नाद होताच. पण आमचा नाद शिस्तीचा होता. आम्ही चौघांचा संघ करून ऑनलाइन स्पर्धा खेळायचो. एका बेटावर पुष्कळ संघ उतरतात, सुरक्षित जागेचं वर्तुळ हळूहळू आक्रसत जातं आणि जो संघ शेवटपर्यंत टिकतो तो जिंकतो, असा तो खेळ. त्यात नेमबाजीपेक्षा तोंड जास्त चालवावं लागतं. मी इथं आहे, तू कुठं आहेस, तुझ्या मागे कोण आहे, हे कानातल्या हेडफोनवर एकमेकांना सारखं सांगत राहायचं.

अकोल्याच्या जुन्या शहरातली शबाना आणि तिचा धाकटा भाऊ साजिद, हे दोघं एकाच घरातले. त्यांच्या अब्बांचं गाद्यांचं दुकान होतं. साजिद खाली कापूस पिंजायच्या मशीनवर असायचा आणि शबाना वरच्या खोलीत ब्लाउज शिवायची. तिसरी मी, प्रीती. चौथा आमचा कॅप्टन गजानन, तेल्हाऱ्याच्या पुढच्या एका गावात आईबरोबर काळ्या रानाची शेती करणारा. आमची ओळख खेळातच झालेली. आवाजावरून आम्ही एकमेकांची सर्दी ओळखायचो, कोण जेवून आलं आहे आणि कोण भांडून आलं आहे तेही ओळखायचो; पण ती दोघं भावंडं सोडली तर कुणी कुणाला प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं.

मी वेळेची पक्की. संघात हिशेब-ठिशेब काही नव्हता, पण वेळापत्रक माझ्याकडे होतं आणि त्या जोरावर मी सगळ्यांच्या डोक्यावर बसायची. गजाननला मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, रोज सरावाला किती वाजता येशील?

"ढोरं घरी आले का मी आलो," तो म्हणाला.

"ढोरं किती वाजता येतात?"

"ते त्याईले विचारा लागते."

मी कपाळाला हात लावला. पण महिन्याभरात आमचं सगळ्यांचं घड्याळ त्या ढोरांवरच लागलं. संध्याकाळी हेडफोनमध्ये आधी गळ्यातल्या घंटा वाजायच्या, मग बादलीचा आवाज, मग गजानन. शबाना तोवर हातातली काजं पुरी करून ठेवायची. मी लायब्ररीतून उठायची. रमझानमध्ये आम्ही साजिद-शबानाच्या इफ्तारनंतर जमायचो, माझ्या परीक्षेत सकाळी लवकर, दिवाळीच्या तोंडावर शबानाकडे शिलाईचा ढीग असायचा तेव्हा ती मशीन चालवता चालवता नुसती ऐकायची आणि आमच्या चुका काढायची. आमचा नियम एकच होता. न सांगता गैरहजर राहायचं नाही. सांगून कितीदाही. गावात वीज नसली तर गजानन फवारणीच्या पंपाच्या बॅटरीवर मोबाईल लावून यायचा. त्या बॅटरीनं फवारणी करायची की खेळायचं, यावरून त्याचं आईशी वाजायचं, ते आम्हाला अक्षरशः ऐकू यायचं.

खेळातल्या जागांची इंग्रजी नावं आमच्या तोंडी कधी बसली नाहीत. नकाशातला लांब पूल आमच्यासाठी अकोल्यातल्या नदीवरचा मोर्णेचा पूल होता, पत्र्याचं मोठं गोदाम म्हणजे कापसातली सरकी काढतात ते जिनिंग, उत्तरेकडचे डोंगर म्हणजे सातपुडा. "आपा, जिनिंगच्या मांगं दोघं हायेत, पाय," असं साजिद ओरडायचा, आणि ओरडून झालं की स्वतःच त्या दोघांच्या अंगावर धावून जायचा आणि मरायचा. पुढे पळणं हा त्याचा स्वभाव होता. त्याला आवरता आवरता आम्ही हात टेकले होते.

आमच्या गिरणीत आता दर महिन्याला एक साहेब येऊन टीमवर्कवर बोलतात. पडद्यावर हातात हात घातलेली गोरी माणसं दाखवतात. ती सगळी इतकी हसत असतात की ती एकत्र कधी काही काम करत असतील यावर माझा विश्वास बसत नाही. मी मागे बसून मान हलवते आणि मनात म्हणते, साहेब, ज्याच्या आवाजात बादली वाजते अशा माणसाची रोज वाट बघितली आहे का तुम्ही? पण चहा चांगला असतो, म्हणून मी काही बोलत नाही.

त्या कार्तिकात आम्ही एका राज्यपातळीच्या स्पर्धेच्या शेवटून दुसऱ्या फेरीत पोचलो. वऱ्हाडातला दुसरा संघ तिथवर आला नव्हता. रविवारी दुपारी तीन सामने होते. तिन्हींच्या गुणांवर वरचे संघ पुण्याला जाऊन खऱ्या मंचावर, लोकांसमोर खेळणार होते. साजिदनं पुण्याला घालायला शर्ट शिवून घेतला होता, अर्थात बहिणीकडून आणि फुकट. चौघांपैकी एक जरी वेळेवर हजर नसला तरी संघ बाद, असा नियम होता. बदली खेळाडू घ्यायचा तर शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं.

गुरुवारी संध्याकाळी हेडफोनमध्ये घंटा वाजल्या, बादली वाजली.

"प्रीती," गजानन म्हणाला, "माह्या जागी दुसरा पोट्टा घे. मले जमत नाई."

त्याचं म्हणणं असं. कापूस एकदम फुटला होता. आभाळ यायची चिन्हं होती. रविवारी-सोमवारी पाऊस सांगितला होता. फुटलेला कापूस भिजला की पिवळा पडतो, त्याला कुणी हात लावत नाही. वेचायला मजूर मिळत नव्हते, सगळ्यांचाच कापूस एकदम फुटला होता. घरात तो आणि आई, दोघंच. आणि खरी गोष्ट त्यानं सगळ्यात शेवटी सांगितली. त्याच्या मामानं सुरतेला एका साड्यांच्या गोदामात त्याच्यासाठी जागा बघून ठेवली होती. अळीनं दोन हंगाम खाल्ले होते. हा वेचा हातचा गेला तर शेत बटाईनं देऊन तो सुरतेला जाणार होता. मामा रविवारी रात्रीपर्यंत हो-नाही मागत होता.

"मंग तू खेळनंच सोडशील," साजिद म्हणाला.

"खेळनं काय घेऊन बसला तू," गजानन म्हणाला. त्याचा आवाज रडवेला नव्हता, नुसता दमलेला होता. माझ्याकडे पुण्याच्या एका चांगल्या खेळाडूचा निरोप येऊन पडला होता, जागा असेल तर सांगा म्हणून. मी तो उघडला, वाचला आणि बंद केला. आमच्या सातपुड्याला तो काय म्हणणार होता, कोण जाणे.

"पयले गावात इर्जिक व्हायची," गजानन म्हणत होता. "एकाचं काम अडलं का समदे आपापल्या घरून येत, एका दिवसात काम निपटवत, त्याच्या इथं जेवत अन् घरी जात. आता ज्याचं त्याले पडलं हाये. कोन येते?"

शबानाचं मशीन इतका वेळ चालू होतं. ते थांबलं.

"किती मानसं लागतात तुले?" ती म्हणाली.

"काऊन?"

"तीन पुरतीन का, सांग फक्त."

शनिवारी पहाटे मी अमरावतीहून निघाले. अकोल्याच्या स्टँडवर एक उंच, हसरी मुलगी आणि तिच्याहून उंच, झोपाळू मुलगा उभे होते. मी नाव विचारायच्या आत साजिद म्हणाला, "ताई, तुमी त लयच बुटक्या निघाल्या." आवाज ओळखीचा आणि माणूस अनोळखी, असं ते विचित्र वाटणं तेल्हाऱ्याच्या बसमध्ये बसेपर्यंत टिकलं. मग शबानानं डब्यातला खिमा आणि माझ्यासाठी वेगळी बटाट्याची भाजी काढली, आणि आम्ही रोजच्यासारखे भांडायला लागलो.

गजानन शेताच्या बांधावर उभा होता. मी त्याला धिप्पाड समजत होते. तो काडीसारखा बारीक होता आणि आमच्याकडे बघायचं सोडून पायानं ढेकूळ फोडत होता. त्याच्या आईनं, वच्छलाकाकूंनी, पहिल्या वेच्याआधीची सीतादही तेवढी उरकून घेतली होती. पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, झाडांना कापसाची लांब वात गुंडाळलेली, खाली दही-भात शिंपलेला, पीक दह्यासारखं पांढरं निघू दे म्हणून. त्यांनी आम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "हेच का ते डब्यातले आवाज," म्हणाल्या, आणि वेचलेला कापूस टाकायला आमच्या कमरेला जुन्या लुगड्याच्या धडप्याच्या ओट्या बांधून दिल्या.

कापूस वेचणं लांबून फार सुंदर दिसतं. जवळून त्याचे काटे दिसतात. बोंडाची वाळलेली टोकं नखाच्या कडेला बरोबर लागतात आणि तासाभरात बोटं अशी होतात की मोबाईलही आपला स्पर्श ओळखत नाही. शबानाची बोटं शिलाईनं तयार झालेली, ती सरासर पुढे गेली. साजिद जन्मापासून कापसात वाढलेला, पण शेतातला कापूस पहिल्यांदाच बघत होता. प्रत्येक बोंडाचा धागा बोटांत ओढून तो त्याची प्रत सांगत बसायचा. मी सगळ्यात मागे. पण या वेचणीत कुणी मागे राहत नाही. प्रत्येकाची एक ओळ असते, तिला पाथ म्हणतात. ज्याची पाथ आधी संपते तो शेताच्या कडेला, धुऱ्यावर, बसत नाही, वळून मागे राहिलेल्याच्या ओळीत समोरून शिरतो आणि वेचत वेचत त्याच्याकडे येतो. मी खाली मान घालून वेचत होते आणि अचानक समोर शबानाच्या हातांतल्या बांगड्या दिसल्या. माझी अर्धी ओळ तिनं संपवली होती. ती लगेच पुढच्या ओळीला लागली. मला त्या क्षणी तिच्याबद्दल जी माया वाटली ती मी अजून तिला सांगितलेली नाही. सांगितली तर ती हसेल.

रविवारी सकाळीही आम्ही वेचलं. दुपार झाली तेव्हा थोड्याच ओळी उरल्या होत्या आणि धुऱ्यावर कापसाची गाठोडी लागली होती. हात धुऊन आम्ही निंबाखाली गोल करून बसलो, पंपाच्या बॅटरीला तारा जोडल्या आणि पहिल्यांदाच एकमेकांना बघत खेळायला लागलो. आणि पहिल्याच सामन्यात सगळ्यांच्या आधी मेलो. कारण इतकं बावळट होतं की आजही हसू येतं. सवयीनं आम्ही हेडफोन घातले होते आणि माइकही चालू ठेवले होते. शेजारी बसलेल्या साजिदचं बोलणं आधी खरं ऐकू यायचं आणि थोड्या वेळानं तेच हेडफोनमधून पुन्हा. तो "मांगं दोघं" म्हणाला, परत "मांगं दोघं" ऐकू आलं, आम्हाला वाटलं चार आहेत. सगळे उलट दिशेला पळालो, थेट दुसऱ्या एका संघाच्या पुढ्यात. वर्षभर लांबून खेळलेल्या माणसांना जवळ बसून खेळता येत नव्हतं.

"रोजच्यासारखं लांब बसू," शबाना म्हणाली.

मग आम्ही शेताच्या चार कोपऱ्यांत जाऊन बसलो. मी तुरीच्या ओळीला पाठ टेकून, गजानन बांधावर, शबाना निंबाखालीच, साजिद पार पलीकडे शेतातल्या पत्र्याच्या कोठ्याच्या दाराशी. आवाज पुन्हा फक्त कानातून यायला लागले आणि सगळं जागेवर बसलं. तो दुसरा सामना आम्ही खेळलो तसा पुन्हा कधी खेळलो नाही. साजिद एकदाही पुढे पळाला नाही. एक संघ अंगावर आला तेव्हा तो थांबला, वळला आणि पलीकडून माझ्याकडे येत राहिला. "ताई, तुमी तुमच्या पाथीवरच राहा, मी येऊन राहिलो," एवढंच म्हणाला. त्या सामन्यात आम्ही दुसरे आलो. मान वर केली तर पराटीच्या शेंड्यांवरून लांब कोपऱ्यात एक हात वर झालेला दिसला, तो कुणाचा हे मला ऊन डोळ्यांवर असल्यानं कळलं नाही. मला एवढं आठवतं की मी खूप सुखात होते, आणि ते मला तेव्हाच कळत होतं. असं फार वेळा होत नाही.

तिसरा सामना सुरू झाला तेव्हा सातपुड्याकडून, खऱ्या सातपुड्याकडून, आभाळ चढत होतं. पुण्याचं तिकीट या सामन्यावर होतं. आम्ही बेटावर उतरलो, एका पक्क्या घरात शिरलो, दारं लावली. पहिला थेंब माझ्या मोबाईलच्या काचेवर पडला. मी तो पुसला. दुसरा पडला.

"तुमी खेळा," कानात गजाननचा आवाज आला. "मी गाठोडे कोठ्यात टाकतो. एकटा पुरतो मी."

तो एकटा पुरणार नव्हता. चारी कोपऱ्यांतून ते सगळ्यांना दिसत होतं. वच्छलाकाकू आधीच एक गाठोडं डोक्यावर घेऊन पळत होत्या. मी तरी काही ठरवल्याचं मला आठवत नाही. मोबाईल ओढणीत गुंडाळून मी तुरीखाली सरकवला आणि धावले तेव्हा शबाना माझ्या पुढे होती आणि साजिद तिच्याही पुढे. त्या दिवशी त्याचं ते पुढे पळणं कामी आलं. आम्ही गाठोडी डोक्यावर घेतली, पाठीवर घेतली, दोघांनी मिळून फरफटत नेली. वरून सरी यायच्या आत शेवटचं गाठोडं पत्र्याखाली गेलं. राहिलेल्या ओळी भिजल्या. त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही.

त्या सामन्याचं चित्रण नंतर आम्ही पाहिलं. बेटावरच्या त्या घरात आमची चार माणसं भिंतीकडे तोंड करून पुतळ्यासारखी उभी आहेत. बाहेर बाकीचे संघ एकमेकांना मारत सुटले आहेत आणि समालोचक भारावून सांगतो आहे, वऱ्हाडच्या या संघाचा संयम बघा, काय पोक्त डावपेच आहेत. वर्तुळ आक्रसत आमच्या घरावरून गेलं तेव्हा कुठे आम्ही मेलो, आणि तोवर बरेच संघ आधी मेले होते. एका जागेनं आमचं पुणं हुकलं. चार माणसांपैकी एकानं जरी मोबाईल हातात ठेवला असता तर कदाचित जमलं असतं, असं साजिदनं गणित मांडलं. ते गणित बरोबर होतं. तसं करायला हवं होतं असं मात्र त्यालाही वाटत नव्हतं.

निकाल आला तेव्हा आम्ही कोठ्यात कापसाच्या ढिगावर बसलो होतो. पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की ओरडून बोलावं लागत होतं. कापूस आतून कोमट होता. वच्छलाकाकूंनी काळा चहा दिला, दूध घरी होतं.

"जितले का?" त्यांनी विचारलं.

"हरलो, माय," गजानन म्हणाला.

त्यांनी आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. साजिदच्या केसांत कापूस, माझ्या नाकाला माती, शबाना ओल्या ओढणीनं मोबाईल पुसत हसते आहे. "मंग इतके खूष काऊन दिसून राहिले तुमी?" त्यांनी विचारलं. गजानन तेवढा हसत नव्हता.

"माह्यामुळं तुमचं पुनं गेलं," तो म्हणाला.

"तू सुरतेले गेला असता त कोनासंगं जाणार होतो आम्ही पुन्याले?" शबाना म्हणाली, आणि पुन्हा मोबाईल पुसायला लागली.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मामा होता. गजानन उठून कोठ्याच्या दारात गेला, तिथं रेंज बरी येते म्हणून. पावसामुळे त्यालाही ओरडूनच बोलावं लागत होतं, त्यामुळे आम्ही न ऐकण्याचं नाटक करण्यात अर्थ नव्हता. तरी आम्ही केलं.

"हो मामा, कापूस आला घरात. थोडासा भिजला. नाई, नाई येत मी... पगार चांगला हाये, मी कुठी नाई म्हनून राहिलो... अठी काय हाये म्हन्जे? शेत हाये. माय हाये. माही टीम हाये."

पलीकडून मामानं बहुतेक विचारलं, कसली टीम. गजाननानं मान वळवून आमच्याकडे पाहिलं. साजिद ढिगावर आडवा होऊन तोंड उघडं टाकून झोपला होता. मी बोटातला काटा काढत होते.

"हाये एक," तो म्हणाला. "आज हरली. पण हाये."